पायातून शिरणारा जंत

जंत पोटात तोंडावाटेच जातात, असे आपण धरून चालतो. रांगते मूल माती खाते, मोठे मूल नखे कुरतडते, न धुतलेली कोथिंबीर भाजीवर पडते आणि जंत होतात. गोल जंतांपुरते हे खरे आहे. (गोड खाल्ल्याने जंत होतात, ही समजूत मात्र कोणत्याच जंताबाबत खरी नाही. गूळ-साखरेने जंत तयार होत नाहीत. जंताची अंडी किंवा अळ्या बाहेरूनच यावी लागतात.) पण आतड्यात राहून माणसाच्या रक्तावर जगणारा जो मुख्य जंत आहे, त्याला बहुतेक वेळा तोंडाची वाट लागतच नाही. तो तळपायाच्या कातडीतून आत येतो. हा अंकुशकृमी. डॉक्टरांच्या तोंडी तो हुकवर्म असतो.

जेमतेम एक सेंटिमीटर लांबीचा हा जंत माणसाच्या आतड्यात पहिल्यांदा नीट पाहिला तो मिलानच्या अँजेलो दुबिनी या डॉक्टरने, १८३८ साली, एका शेतकरी स्त्रीच्या शवविच्छेदनात. पुढे साठ वर्षे हा जंत अभ्यासकांच्या ओळखीचा होता, त्याची अंडी ओळखू येत होती, तो रक्तक्षय घडवतो हेही कळले होते. पण तो माणसाच्या शरीरात शिरतो कसा, याचे उत्तर सगळे जण तोंडापाशीच शोधत होते. ते बदलले कैरोमध्ये, आणि तेही एका सांडलेल्या थेंबामुळे.

आर्थर लूस हा जर्मन प्राणिशास्त्रज्ञ १८९०च्या दशकात कैरोत या जंतावर काम करत होता. अळ्यांनी भरलेले पाणी तो गिनीपिगच्या तोंडात थेंबाथेंबाने सोडत असे. त्यातला एक थेंब त्याच्या हातावर पडला. काही मिनिटांत तिथे आग होऊ लागली, कातडी लाल झाली. लूसने ते पुसून सोडून दिले नाही. त्याने मुद्दाम पुन्हा एक थेंब हातावर घेतला, थोडा वेळ जाऊ दिला आणि उरलेला ओलावा सूक्ष्मदर्शकाखाली धरला. जिथे वळवळणाऱ्या अळ्या असायला हव्या होत्या, तिथे मुख्यतः त्यांच्या टाकलेल्या काती होत्या. अळ्या गेल्या होत्या, आणि जायला एकच जागा होती. दोन-तीन महिन्यांनी त्याच्या स्वतःच्या शौचात अंकुशकृमीची अंडी दिसू लागली.

लोकांना हे पटेना. अळी गिळली गेली असेल, अशी शंका काढायला जागा होतीच. म्हणून लूसने एका मुलाच्या पायावर अळ्या सोडल्या. शस्त्रक्रियेत तो पाय थोड्याच वेळात कापून काढायचा होता. कापलेल्या पायाची कातडी तपासली तेव्हा अळ्या केसांच्या मुळांपाशी शिरताना सापडल्या. आजच्या नीतिनियमांत असा प्रयोग बसणार नाही, आणि बसूही नये. पण त्याने प्रश्न मिटवला. त्यानंतर कुत्र्यांवर प्रयोग करून लूसने पुढचा सगळा मार्ग शोधून काढला. अळी कातडीतून शिरेत उतरते, शिरेतल्या रक्ताबरोबर हृदयात आणि तिथून फुप्फुसात जाते. फुप्फुसाच्या वायुकोशात बाहेर पडून ती श्वासनळीतून वर चढते, घशाशी येते आणि थुंकीबरोबर नकळत गिळली जाते. मग जठर ओलांडून ती लहान आतड्यात पोहोचते. पाच ते सात आठवड्यांत तिचा पूर्ण वाढलेला जंत होतो आणि मादी अंडी घालू लागते.

पायापासून आतड्यापर्यंत जायला सरळ रस्ता नाही, हे लक्षात घेतले की या आजाराची सुरुवातीची लक्षणे एकमेकांशी जुळतात. आधी पायाला, बहुधा बोटांच्या मध्ये किंवा तळव्याच्या कडेला, खाज सुटते आणि बारीक पुरळ येते. पावसाळ्यात पाय सतत ओले राहून होणाऱ्या चिखल्या वेगळ्या, पण भर पावसात हा फरक करायला कोण बसते? आठवड्या-दोन आठवड्यांनी कोरडा खोकला येतो. पुढे पोटात वरच्या भागात दुखते, मळमळते, कधी जुलाब होतात. पाय, छाती आणि पोट यांची ही तीन दुखणी काही आठवड्यांच्या काळात एकामागून एक येतात. ती एकाच जीवाची पावले आहेत, हे ना रोग्याच्या ध्यानात येते, ना घाईत तपासणाऱ्या डॉक्टरच्या.

आणि खरा आजार तर त्यानंतर सुरू होतो.

माणसात हा जंत मुख्यतः दोन जातींचा आढळतो. अँकायलोस्टोमा ड्युओडिनेल या जातीच्या तोंडात दातांच्या जोड्या असतात, नेकेटर अमेरिकानस या जातीच्या तोंडात धारदार पाती. दोघांचे काम एकच. आतड्याच्या अस्तराचा एक घास तोंडात ओढून घ्यायचा आणि तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फोडून रक्त प्यायचे. रक्त गोठू नये म्हणून जंत आपल्या स्रावातून गोठणविरोधी द्रव्ये सोडतो. त्यामुळे तो जागा बदलून दुसरीकडे चिकटला, तरी जुनी जखम काही काळ झिरपत राहते. नेकेटरचा एक जंत दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलिटर रक्त घालवतो, अँकायलोस्टोमाचा त्याच्या पाचपट, म्हणजे ०.१५ मिलिलिटर किंवा थोडे अधिक.

हे आकडे क्षुल्लक वाटतात, म्हणून हिशेब पुरता करू. अँकायलोस्टोमाचे शंभर जंत असतील तर दिवसाला १५ मिलिलिटर रक्त गेले. निरोगी माणसाच्या एका मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्राम लोह असते. म्हणजे साडेसात मिलिग्राम लोह आतड्यात सांडले. त्यातले काही आतडे पुन्हा शोषून घेते. तरी चार-पाच मिलिग्राम लोह कायमचे गेले. उलट बाजूला, आपल्या रोजच्या जेवणातून शरीर जेमतेम एक ते दोन मिलिग्राम लोह शोषते. भात, भाकरी, डाळ आणि जेवणामागोमाग चहा असा आहार असेल तर याहूनही कमी. ज्या बाईला दर महिन्याला पाळी येते, जिची दोन-तीन बाळंतपणे झाली आहेत आणि जी घरात सगळ्यांच्या मागून जेवते, तिच्या शरीरातला लोहाचा साठा मुळातच तळाला गेलेला असतो. तिला नेकेटरचे शंभर जंतही भारी पडतात.

म्हणून या आजारात ‘जंत आहेत का’ यापेक्षा ‘किती आहेत’ हा प्रश्न मोठा ठरतो. हा जंत माणसाच्या शरीरात आपली संख्या वाढवत नाही. नेकेटरची मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते, अँकायलोस्टोमाची त्याहूनही जास्त, पण ती अंडी बाहेर मातीत पडल्याशिवाय त्यांचे पुढे काही होत नाही. पोटातला प्रत्येक जंत बाहेरून, वेगळा, कातडी भेदून आलेला असतो. ज्याच्या पोटात दोनशे जंत आहेत, त्याचा पाय तसल्या मातीला किती वेळा लागला असेल, याचा अंदाज यावरून करावा. शिवाय गावात जंत सगळ्यांना सारखे वाटलेले नसतात. बहुतेकांना थोडे असतात आणि थोड्यांना पुष्कळ. एकाच घरात एक जण ठणठणीत आणि दुसरा पांढराफटक, असे त्यामुळेच दिसते.

रक्त इतके हळू कमी होते की शरीर त्याच्याशी जुळवून घेत राहते. हिमोग्लोबिन चार-पाचपर्यंत खाली आलेला माणूस स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात येतो. चढण चढताना धाप लागते, छातीत धडधडते, पायांवर आणि तोंडावर सूज असते, नखे चपटी किंवा खोलगट झालेली असतात, माती-खडू खावासा वाटतो. पण घरचे लोक सांगतात ते वेगळेच असते: पूर्वी असा नव्हता, आता कामाला हात लावत नाही, बसून राहतो. आपल्याकडे यासाठी शब्द तयार आहेत. अंगचोर, कामचुकार, आळशी. लहान मूल असेल तर ‘अभ्यासात लक्ष नाही’.

हा आरोप जगभर, निरनिराळ्या लोकांवर झाला आहे, आणि त्याच्या मुळाशी अनेकदा हाच जंत निघाला आहे. आल्प्स पर्वताखालून गॉटहार्डचा १५ किलोमीटर लांबीचा रेल्वे बोगदा खणला गेला तो १८७२ ते १८८२ या काळात. मजूर बहुसंख्य इटालियन. बोगद्यात उष्णता ३० अंशांच्या वर, हवा दमट, पायाखाली चिखल आणि शौचाची सोय नाही, म्हणून लोक आतच आडोशाला बसत. काही वर्षांत शेकडो मजूर पिवळे पडले, कुदळ उचलता येईना. १८८० साली तुरिनच्या एदोआर्दो पेरोन्चितोने या मजुरांच्या शौचात अंकुशकृमीची अंडी दाखवून दिली. उष्ण प्रदेशात राहणारा म्हणून ओळखलेला जंत बर्फाच्छादित डोंगराच्या पोटात फोफावला, कारण त्याला हवा होता तो ओलावा, ऊब आणि सावली हे सगळे माणसाने तिथे नेऊन ठेवले होते. काम संपल्यावर मजूर युरोपातल्या दुसऱ्या खाणींत गेले आणि जंत त्यांच्याबरोबर गेला. १९०२ साली इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या डोलकोथ खाणीत कामगारांना होणारा गूढ रक्तक्षय शरीरक्रियाशास्त्रज्ञ जे. एस. हाल्डेन यांनी तपासला, तेव्हा तिथेही हाच जंत निघाला.

प्वेर्तो रिको बेटावर १८९९च्या ऑगस्टमध्ये मोठे चक्रीवादळ झाले. कॉफीच्या मळ्यांतले हजारो निराधार मजूर छावण्यांत आले. त्यांचा पांढरेपणा उपासमारीचा आहे असे सगळे धरून चालले होते. बेली अ‍ॅशफर्ड या तरुण लष्करी डॉक्टरने त्यांना चांगले खायला घातले, तरी फरक पडेना. मग त्याने शौच तपासले आणि अंडी सापडली. पुढच्या दहा-बारा वर्षांत त्या छोट्याशा बेटावर सुमारे तीन लाख लोकांना औषध दिले गेले.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांची कथा याहून बोलकी आहे. तिथल्या गरीब गोऱ्या शेतकऱ्यांना आळशी, मंद, नादान म्हणायची रीत पडली होती. गुलाम म्हणून राबवायला आणलेल्या आफ्रिकन माणसांबरोबर नेकेटर बहुधा आफ्रिकेतून तिथे पोहोचला होता आणि वाळूच्या उबदार मातीत रुजला होता. चार्ल्स वॉर्डेल स्टाइल्स या प्राणिशास्त्रज्ञाने १९०२ साली ही जात वेगळी ओळखली आणि दक्षिणेत ती किती पसरली आहे ते सांगायला सुरुवात केली. वर्तमानपत्रांनी ‘आळसाचा जंतू’ म्हणून त्याची थट्टा केली. १९०९च्या ऑक्टोबरमध्ये उद्योगपती जॉन डी. रॉकफेलर यांनी या जंताविरुद्धच्या मोहिमेसाठी दहा लाख डॉलर दिले. विक्लिफ रोझ यांच्या देखरेखीखाली अकरा राज्यांत फिरते दवाखाने निघाले. तपासलेल्या मुलांपैकी जवळजवळ ४० टक्के मुलांना जंत होते. लोक घोडागाड्यांतून, मुलाबाळांना घेऊन येत, सूक्ष्मदर्शकातून स्वतःच्या शौचातली अंडी पाहत, थायमॉल हे तेव्हाचे जंताचे औषध आणि त्यावर जुलाबाचे मीठ घेत. १९१४ पर्यंत सात लाखांच्या आसपास लोकांवर उपचार झाले. होयट ब्लीकली या अर्थशास्त्रज्ञाने २००७ साली जुन्या जनगणनांचे आकडे घेऊन दाखवले की जिथे जंतांचा प्रादुर्भाव जास्त होता, तिथेच मोहिमेनंतर मुलांची शाळेतली हजेरी आणि साक्षरता अधिक वाढली, आणि ती मुले मोठी झाल्यावर त्यांची कमाईही. ज्यांना मंद म्हटले गेले होते, त्यांच्या अंगात रक्त आल्यावर ती मुले शिकू लागली. मला हा निष्कर्ष वैद्यकातल्या कोणत्याही शोधाइतका मोलाचा वाटतो.

आता मातीकडे वळू. अंडी मातीत पडली की एक-दोन दिवसांत फुटतात. आतली अळी आठवडाभर मातीतले जिवाणू खाऊन वाढते, कात टाकते आणि साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी कातडी भेदण्याजोगी होते. त्यानंतर ती काही खात नाही. ओलावा आणि सावली असेल तर तीन-चार आठवडे तशीच जगते, मातीच्या कणावर किंवा गवताच्या पातीवर उभी राहून डोलत असते, आणि ऊब व हादरा यांची चाहूल लागली की तिकडे सरकते. कडक ऊन आणि कोरडेपणा तिला मारतो.

यातला आठवडाभराचा अवकाश फार महत्त्वाचा आहे. आजच्या घाणीवर आज पाय पडला तर हा जंत होत नाही. आठ दिवसांनी, जेव्हा पावसाने आणि किड्यांनी ती जागा साफ दिसू लागलेली असते, तेव्हा तिथली माती धोक्याची असते. आणि माणूस नेमका त्याच जागी परत जातो. परसाकडे जायची जागा ठरलेली असते: बांधाच्या पलीकडे, झुडपामागे, वाडीच्या कडेला. ती आडोशाची, म्हणून सावलीची, म्हणून ओल धरणारी. माणसाला लाज झाकायला जी जागा हवी असते, तीच अळीलाही हवी असते. पाण्याने भरलेल्या भातखाचरात अंडी नीट वाढत नाहीत, कारण त्यांना हवा लागते. पण खाचराचा बांध, आगराची कडा, नारळी-पोफळीची सावली आणि कोकणातला लांबलेला पावसाळा हे सगळे त्यांना मानवणारे आहे. देशावरच्या उघड्या, तापलेल्या रानात त्यांचे तितके चालत नाही.

कोरड्या दिवसांवरही अँकायलोस्टोमाने एक तोड काढलेली आहे. परजीवीशास्त्रज्ञ गेरहार्ड शॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम बंगालमधल्या खेड्यांत अभ्यास करून १९७३ साली दाखवले की पावसाळ्यात शिरलेल्या काही अळ्या लगेच वाढत नाहीत. त्या माणसाच्या शरीरातच वाढ थांबवून राहतात आणि पुढच्या पावसाळ्याच्या सुमारास पूर्ण वाढून अंडी घालतात. कोरड्या मातीत अंडी टाकून फुकट घालवण्याऐवजी पावसाची वाट पाहायची, आणि तीही आपल्या शरीरात. मोसमी पावसाशी इतका काटेकोर मेळ घातलेला परजीवी पाहून मी थक्क होतो, आणि काळजीही वाटते, कारण शौचात अंडी दिसली नाहीत म्हणजे जंत नाहीच, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

यावरून उपायांची किंमत ठरते. स्वच्छ पाणी हवेच, पण ते या जंताला फारसे अडवत नाही. हात धुण्याने गोल जंत थांबतात, हा नाही. पायात काहीतरी घालणे उपयोगी, मात्र चिखलात चप्पल टिकत नाही, आणि लावणीला वाकलेल्या बाईला बूट घालून काम करता येत नाही. शिवाय मातीत राबणारे हातही कातडीचेच असतात. साखळी तुटते ती एकाच ठिकाणी. माणसाचा मैला उघड्या मातीवर पडता कामा नये. कोकणात समाजसेवक आप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून साध्या, स्वस्त संडासांचा आणि सोनखताचा प्रचार केला. त्यांच्या मनात मुख्य हेतू भंगीमुक्तीचा होता, पण जंतांच्या दृष्टीनेही ते काम अचूक होते. मैला खड्ड्यात झाकून, पुरेसा काळ कुजू दिला तर त्यातल्या अंकुशकृमीच्या अळ्या मरतात. दोन खड्ड्यांच्या संडासात भरलेला खड्डा किमान वर्षभर बंद ठेवायचा तो यासाठीच. घाई करून कच्चे सोनखत शेतात टाकले तर मेहनत उलटते.

औषध सोपे आहे. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रामची एक गोळी चावून खाल्ली की बहुतेकांचे बहुतेक जंत मरतात. भारतात २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. १० फेब्रुवारीला आणि बऱ्याच ठिकाणी १० ऑगस्टलाही शाळा-अंगणवाड्यांत १ ते १९ वर्षांच्या मुलामुलींना ही गोळी मिळते, दोन वर्षांखालच्यांना अर्धी. ही योजना चांगली आहे आणि ती नेटाने चालायला हवी. पण गोल जंतांचा भार मुलांत सर्वाधिक असतो, अंकुशकृमीचा भार मात्र वयाबरोबर वाढत जातो आणि मोठ्यांतही टिकतो. शाळेच्या वाटेवरच्या मुलाला गोळी मिळते, त्याला शाळेत सोडून रोजगाराला जाणारी आई राहून जाते. एकदा जंत होऊन गेल्याने पुढे भरवशाचे संरक्षणही मिळत नाही. तीच माती, तोच पाय असेल तर काही महिन्यांत जंत पुन्हा होतात.

गोळीने जंत मरतो, गेलेले रक्त भरून येत नाही, हेही विसरले जाते. लोहाच्या गोळ्या हिमोग्लोबिन पूर्ववत झाल्यावरही दोन-तीन महिने चालू ठेवाव्या लागतात, तेव्हा कुठे रिकामा झालेला साठा भरतो. उलट, जंत न मारता नुसते लोह देत राहणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी ओतणे. म्हणून मातीत काम करणाऱ्या कोणाचे हिमोग्लोबिन कारण न कळता कमी निघाले, तर डॉक्टरांकडे शौचाची तपासणी मागावी, आणि तपासणी निर्दोष आली तरी जंतांच्या औषधाविषयी विचारावे. गरोदर बाईने पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी घेऊ नये. चौथ्या महिन्यापासून मात्र सरकारी कार्यक्रमातच ती दिली जाते. मुलांच्या वयात न बसणाऱ्या शेतमजूर बायांनी आणि पुरुषांनी ती प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून घ्यावी.